सतरावी प्रतिज्ञा आणि कामाची जागा

आजचा विषय जरा अवघड आहे. तो धर्माचा आहे, पोटापाण्याचा आहे आणि थोडा लाजेचाही आहे. एखाद्याचा धर्म त्याला सांगतो, दारू पिऊ नकोस. तो माणूस कामाला जातो. कामाच्या जागी दारू या ना त्या वाटेनं येतेच. कधी मजुरीसोबत, कधी थकवा घालवायला, कधी साहेबांच्या पार्टीत. मग न पिणाऱ्याला तिथं जागा कोण करून देतं? मालक? कायदा? की ती त्यानं स्वतःच करून घ्यायची?

हा प्रश्न जगभर आहे. पण आज आपण तो नागपुरातून बघणार आहोत. कारण लाखो कष्टकऱ्यांनी एकाच ठिकाणी उभं राहून दारू सोडण्याची धार्मिक शपथ घेतली, ते हे शहर आहे.

दीक्षाभूमीवर काय घडलं

१४ ऑक्टोबर १९५६, विजयादशमी. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आणि माईसाहेबांनी कुशीनाराच्या भदन्त चंद्रमणी महास्थविरांकडून दीक्षा घेतली. त्यानंतर बाबासाहेबांनी स्वतः समोरच्या जनसमुदायाला त्रिशरण, पंचशील आणि बावीस प्रतिज्ञा दिल्या. पांढरी वस्त्रं नेसून लोक आले होते. कुणी रेल्वेनं, कुणी बैलगाडीनं, कित्येक जण पायी. त्यात गिरणी कामगार होते, विडी कामगार होते, शेतमजूर होते, रेल्वेत आणि नगरपालिकेत राबणारे होते. बावीस प्रतिज्ञांपैकी सतरावी प्रतिज्ञा अगदी छोटी आहे. दारू पिणार नाही, एवढंच तिच्यात आहे.

आता एक गोष्ट नीट लक्षात घ्या. पंचशीलातलं पाचवं शील मद्याबद्दलच आहे. सुरा, मेरय, मज्ज अशी मद्याची नावं घेऊन ते सांगतं की ही प्रमादाची, म्हणजे बेसावधपणाची ठिकाणं आहेत, त्यांच्यापासून दूर राहीन. म्हणजे त्या दिवशी लोकांनी मद्य सोडल्याचा शब्द एकदा नाही, दोनदा दिला. एकदा पालीत आणि एकदा आपल्या रोजच्या मराठीत. पालीतलं शील म्हणताना अर्थ निसटू शकतो. ‘दारू’ हा शब्द कुणाच्याही हातून निसटत नाही. ती गुत्त्यावर मिळते ती, पगाराच्या दिवशी घरात भांडण लावते ती.

पंचशीलाची भाषाही वेगळी आहे. तिथं पापाचा, विटाळाचा मुद्दा नाही, सावधपणाचा आहे. विनयपिटकात स्थविर सागताची गोष्ट येते. कौशांबीच्या उपासकांनी मोठ्या भक्तीनं घराघरात त्यांच्यासाठी मद्य ठेवलं. यजमानाला नाही कसं म्हणायचं? सागत पीत गेले आणि शेवटी नगराच्या वेशीपाशी कोसळले. त्यानंतर भिक्खूंसाठी मद्याचा नियम झाला. म्हणजे नियमाच्या मुळाशी व्यसनी माणूस नाही, आग्रहाला बळी पडलेला माणूस आहे. आणि त्याच परंपरेनं आजारी भिक्खूसाठी औषधी तेलात थोडं मद्य चालवून घेतलं. अट एवढीच की रंग, वास, चव जाणवता कामा नये. नियम आहे आणि गरजवंताला मुभाही आहे.

याच्याशेजारी मनुस्मृती ठेवून बघा. तिथं सुरापान महापातक आहे खरं, पण निषेधाचा मुख्य रोख द्विजांवर आहे. शुद्धता ज्याच्याकडून अपेक्षित, त्याला बंदी. खालच्या मानलेल्या माणसानं प्यायली तर प्यायली, त्याच्याकडून अपेक्षाच नाही. सतराव्या प्रतिज्ञेनं नेमकं हेच उलटवलं. ज्याच्याकडून समाजानं कधी संयमाची अपेक्षा केली नव्हती, त्यानं तो स्वतःकडे घेतला. आमच्या मते तिथं मद्यपानाइतकाच मानाचा प्रश्न होता.

बंदीला विरोध, प्रतिज्ञेला होकार

आता एक कोडं. बाबासाहेब दारूबंदीचे पुरस्कर्ते होते का? बरेच जण ‘हो’ म्हणतील. पण शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा १९५१ सालचा निवडणूक जाहीरनामा काढून वाचा. सरकारचा महसूल वाढवायचा तर दारूबंदी रद्द करा, असं त्यात स्पष्ट मांडलं आहे. बंदीमुळे दारू थांबली नाही, उलट हातभट्टी घराघरात शिरली, असाही त्यांचा आक्षेप होता.

१९५१ मध्ये बंदीला विरोध आणि १९५६ मध्ये न पिण्याची शपथ. विसंगती वाटते ना? आम्हाला तसं वाटत नाही. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला स्त्रियांसमोर बोलतानाही त्यांनी पोलिसांचं नाव घेतलं नव्हतं. नवरा किंवा मुलगा पिऊन आला तर त्याला जेवू घालू नका, असा त्यांचा सल्ला होता. म्हणजे सूत्र एकच आहे. दारू सुटायची तर ती माणसाच्या आणि त्याच्या घराच्या निर्धारानं सुटेल, शिपायाच्या दंडुक्यानं नाही.

नागपूरला हे सांगायला पुरावा लांब शोधावा लागत नाही. डिसेंबर १९२० च्या नागपूर काँग्रेसनंतर इथल्या दारूच्या दुकानांवर पिकेटिंग झालं. १९३८ मध्ये मध्य प्रांत आणि वऱ्हाड सरकारनं दारूबंदीचा कायदा केला. दीक्षा झाली तेव्हा नागपूर मध्य प्रदेशाची राजधानी होतं. अठराच दिवसांनी, १ नोव्हेंबरला, विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात गेला आणि पुढे मुंबईचा १९४९ चा दारूबंदी कायदा इकडे लागू झाला. राज्य बदललं, कायदा बदलला, परवान्याचा रंग बदलला. प्रतिज्ञा मात्र माणसासोबत राहिली. कायदा दुकानाच्या दाराशी उभा राहतो, प्रतिज्ञा माणसाबरोबर कामावर जाते. म्हणून आता आपण कामाच्या जागी जाऊ.

गाव, गिरणी आणि गुत्ता

आधी गाव. बलुतेदारीत महाराच्या वाट्याला आलेली कामं आपल्याला माहीत आहेत. येसकरी, वेठ, मेलेलं जनावर ओढणं, कुणाच्या मरणाचा सांगावा पोचवणं. काही ठिकाणी वाजंत्री. या कामांना रोख मजुरी नव्हती. होतं ते बलुतं, उरलंसुरलं अन्न, आणि लग्नात, सणावाराला वरून मिळणारी दारू. दारू इथं चैन नव्हती, नात्याची खूण होती. देणारा वर, घेणारा खाली. शिवाय काही कामंच अशी की शुद्धीत करवत नाहीत. कुजलेलं जनावर ओढायचं, मैला उचलायचा, गटारात उतरायचं. ‘घेतल्याशिवाय खाली उतरता येत नाही’ हे वाक्य सफाईच्या कामात पिढ्यान्‌पिढ्या ऐकू येत आलंय. त्यात माणसाचा दोष किती आणि कामाचा किती, हे आपण कधी मोजलं का?

आता गिरणी. जमशेदजी टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ ला नागपुरात सुरू झाली. गावातून सुटलेल्या माणसाला तिथं रोख पगार मिळाला, ही फार मोठी गोष्ट. पण जात गिरणीच्या फाटकाबाहेर थांबली नाही. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खातं अस्पृश्यांना बंद होतं, कारण कांडी बदलताना दोरा तोंडानं ओढून धोट्यात घ्यावा लागे. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला. जास्त पगाराचं खातं बंद आणि पगाराच्या दिवशी गुत्त्याची वाट मात्र मोकळी. ब्रिटिश सरकारचं उत्पन्न अबकारीतून येई, दुकानांचे लिलाव होत. म्हणजे एका हातानं मिळालेला पगार दुसऱ्या वाटेनं परत जाई.

मालकांना हे दिसत नव्हतं असं नाही. एम्प्रेस मिलनं कामगारांसाठी इंदोऱ्याला घरांची योजना आखली, वस्त्यांमध्ये कल्याणकार्य चालवलं. त्यामागे भल्याची भावना होती आणि हिशेबही होता. शुद्धीतला कामगार मागावर कामाचा. पुढे त्याच इंदोऱ्यात बौद्ध विहार उभं राहिलं आणि ते आंबेडकरी चळवळीचं मोठं केंद्र झालं. मालकाची योजना आणि कामगाराची प्रतिज्ञा एकाच वस्तीत भेटली. पण दोघांची भाषा वेगळी होती. मालक म्हणत होता, पिऊ नकोस, काम बिघडेल. प्रतिज्ञा म्हणत होती, पिऊ नकोस, तू माणूस आहेस.

१९५६ नंतर काय झालं? विदर्भातल्या आणि बाकी महाराष्ट्रातल्या असंख्य गावांत बौद्धांनी मेलेली जनावरं ओढणं, वेठीची कामं, मानापमानाची वाजंत्री सोडली. त्यासाठी बहिष्कार सोसले, मार खाल्ला, रोजगार गमावला. इथं आमच्या आजच्या प्रश्नाचं एक उत्तर आहे. या लोकांनी मालकाकडे सवलत मागितली नाही. ‘मला हे काम दे, फक्त सोबतची दारू नको’ असं ते म्हणाले नाहीत. ज्या कामात दारू लागत होती, ते कामच त्यांनी नाकारलं.

सगळ्यांनी प्रतिज्ञा पाळली का? नाही. हे मान्य करायला लाजू नये. पण प्रतिज्ञेनं एक माप घरात आणून ठेवलं. १४ एप्रिलला, दीक्षादिनाला कुणी पिऊन आला तर वस्तीतली म्हातारी त्याला विचारू शकते, ‘काय शपथ घेतली होती रे?’ तिच्या हातात एवढं तरी आलं.

कायद्यानं कुणाला जागा दिली

आता कायद्याकडे वळू. गंमत बघा, आपल्या कायद्यानं या विषयात जागा कुणाला करून दिली? पिणाऱ्याला! १९४९ च्या कायद्यात परदेशी पाहुण्यांसाठी परवाना आहे, लष्करी मेससाठी सूट आहे, चर्चच्या विधीतल्या द्राक्षारसासाठी तरतूद आहे. १९५१ च्या बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं बंदीचा मुख्य भाग आणि लष्करी मेसची सूट कायम ठेवली, आणि मद्यार्क असलेली औषधं व प्रसाधनं बंदीतून मोकळी केली. आजही पिण्याचा परवाना कागदोपत्री आरोग्य राखण्यासाठी मिळतो! कामगार कायद्यात दारूचा उल्लेख येतो तो गैरवर्तन म्हणून: कामावर नशेत सापडलास तर कारवाई. न पिणारा माणूस कुठल्याच कलमात नाही. त्याची काही अडचण असेल, हे कुणाच्या मनातच आलं नाही.

उलटी बाजूही आहे आणि ती नागपूरकरांनी विसरू नये. हे शहर वसवलं गोंड राजा बख्त बुलंदशहानं. गोंडांच्या देवकार्यात, जन्मात, लग्नात, मरणात मोहाची दारू पेनाला चढवतात. त्यांच्यासाठी ती धर्माचा भाग आहे. कायद्यानं मोहफुलंसुद्धा नियंत्रणाखाली आणली. देवाला वाहायची वस्तू घरात ठेवणं हाच गुन्हा ठरू लागला. २०२१ मध्ये महाराष्ट्रात मोहफुलांवरचे निर्बंध सैल झाले. १९९६ च्या पेसा कायद्यानं अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला दारूबंदी करण्याचा किंवा तिचं नियमन करण्याचा अधिकार मानला. म्हणजे ज्याचा धर्म त्याचा निर्णय, ही वाट कायद्यात अगदीच नाही असं नाही.

शेजारचे जिल्हे पाहा. वर्धा गांधीजींमुळे कोरडा. गडचिरोलीत १९९३ पासून बंदी. चंद्रपुरात कोळसा खाणी, सिमेंट आणि कागद कारखान्यांच्या वस्त्यांतल्या बायांनी वर्षानुवर्षं लढा दिला, पार नागपूरच्या विधानभवनापर्यंत चालत आल्या. २०१५ मध्ये बंदी आली, २०२१ मध्ये उठली. सहा वर्षांत सरकारचं मत फिरलं. त्या बायांचं दुःख फिरलं नाही. ‘आडवी बाटली’साठी गावोगाव मतदान करणाऱ्या बाया धर्मानं वेगवेगळ्या आहेत, अनुभवानं एकच.

वाहून नेणारा आणि वाढणारा

आता थोडं बाहेर जाऊ. न पिणाऱ्याची अडचण फक्त पिण्याची नसते. इस्लाममध्ये मद्य हराम आहे आणि एका प्रसिद्ध हदीसनुसार पिणाऱ्यासोबत बनवणारा, विकणारा, वाहून नेणाराही दोषी ठरतो. अमेरिकेत इलिनॉय राज्यात दोन सोमाली मुस्लिम ट्रकचालकांनी बिअरची खेप न्यायला नकार दिला, २००९ मध्ये त्यांची नोकरी गेली. प्रकरण न्यायालयात गेलं आणि २०१५ मध्ये ज्युरीनं त्यांना २,४०,००० डॉलर भरपाई दिली. खेप दुसऱ्या चालकाला देणं कंपनीला सहज शक्य होतं, हा कळीचा मुद्दा. तिथल्या १९६४ च्या नागरी हक्क कायद्यानुसार मालकाला फार झळ बसत नसेल तर धार्मिक आचरणासाठी वाजवी सोय करावी लागते.

आपल्याकडे? ‘वाजवी सोय’ ही कल्पना २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात आहे. धर्मासाठी खासगी नोकरीत अशी सर्वसाधारण तरतूद नाही. संविधानाचं कलम २५ राज्याला बांधतं, पण दुकानाच्या मालकाशी रोजचा वाद त्यानं सुटत नाही. मोमिनपुऱ्यातल्या मुलाला हॉटेलात वाढप्याचं काम लागलं आणि बारच्या टेबलावर पाठवलं, तर तो काय करणार? बौद्ध परंपरेतही उपासकानं मद्याचा व्यापार करू नये असं सांगितलं आहे. शस्त्रं, प्राणी, मांस, मद्य आणि विष हे पाच व्यापार वर्ज्य. व्यापार वेगळा आणि पोटासाठी केलेली नोकरी वेगळी, असं म्हणता येईल. पण ज्याला रात्रभर ग्लास भरायचे आहेत, त्याच्या मनात ही रेघ इतकी सरळ नसते.

‘का नाही घेत?’

आता आजच्या नागपुरात येऊ. एम्प्रेस मिल २००२ मध्ये बंद झाली. त्या जागेवर आता मॉल आहे. गिरणी कामगाराची नात मिहानमध्ये किंवा पुण्या-बंगळुरूत संगणकावर काम करते. तिच्या कामाच्या जागी गुत्ता नाही. तिथं प्रकल्प संपल्याची पार्टी आहे. बॉस हसत ग्लास पुढे करतो. ती नको म्हणते. मग प्रश्न येतो, ‘का नाही घेत?’

हा प्रश्न माळकऱ्याला जड जात नाही. ‘मी माळकरी आहे’ म्हटलं की विषय संपतो, उलट थोडा आदरच मिळतो. जैन सहकाऱ्याचंही तसंच. पण ‘मी बौद्ध आहे, बावीस प्रतिज्ञा मानते’ असं म्हटलं की? त्या एका वाक्यात जात सांगून झाली. पुढच्या बढतीच्या वेळी, घरभाड्याच्या वेळी, डब्याच्या वेळी त्या वाक्याचं काय होईल, हे तिला ठाऊक नसतं. म्हणून आमच्या ओळखीतली कितीतरी मुलं सांगतात, ‘औषध चालू आहे’, ‘उद्या गाडी चालवायची आहे’. ज्या प्रतिज्ञेनं आजोबांना ताठ उभं केलं, ती नातीला खोट्या सबबीमागे लपवावी लागते. त्या बावीस प्रतिज्ञांमध्ये खोटं न बोलण्याचीही एक आहे, हे विसरू नका.

म्हणजे सागत स्थविरांपाशीच आपण परत आलो. आग्रह करणारा यजमान आणि नाही म्हणताना अडखळणारा पाहुणा. फरक एवढाच की इथं यजमानाच्या हातात पाहुण्याचा पगार आहे.

मग सोय म्हणजे काय? सरबताचा एक ग्लास शेजारी ठेवला की झालं? आमच्या मते नाही. पहिली गोष्ट, न पिण्याचं कारण विचारायचं नाही. माळकरी असो, मुस्लिम असो, बौद्ध असो, की दारूनं बाप गेलेला कुठल्याही धर्माचा मुलगा असो, ‘नको’ हे पूर्ण उत्तर आहे. दुसरी, कामाच्या ओळखी आणि बढत्या जिथं ठरतात ती बैठक बाटलीभोवती भरवायची नाही. तिसरी सगळ्यात जड आहे. जे काम शुद्धीत करवत नाही, त्या कामाला यंत्र आणायचं, नाहीतर ते बंद करायचं. हातानं मैला साफ करण्यावर २०१३ चा कायदा आहे, तरी माणसं गटारात उतरतात. त्यांना व्यसनमुक्तीचं व्याख्यान देणं सोपं आहे. १९५६ साली नागपुरात जमलेल्यांना मात्र एक गोष्ट कळली होती. दारू सोडायची तर आधी ती प्यायला लावणारं काम सुटायला हवं.

दर वर्षी दीक्षाभूमीवर गर्दी होते. पुढच्या खेपेस जाल तेव्हा त्या सतराव्या ओळीपाशी जरा थांबा आणि एक आठवा. ज्यांनी ती घेतली, त्यांतल्या बहुतेकांना दुसऱ्या दिवशी किंवा त्याच्या पुढच्या दिवशी कामावर हजर व्हायचं होतं.